ठिपकेवाल्या काकांची नोंद

ठिपकेवाले काका आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून शिकले. एक, दुकानाच्या पाटीवर अक्षर असं काढायचं की रस्त्यापलीकडच्या माणसाने चष्म्याशिवाय वाचावं. आणि दुसरी, जिवंत गांधीलमाशीच्या पाठीवर मोहरीएवढा ठिपका द्यायचा, तोही तिला न कळता. पहिल्या कलेवर त्यांचं लग्न जमलं. दुसरीने त्यांची अब्रू वाढवली आणि एकदा धुळीला मिळवली. निदान काकांचा तरी सव्वीस वर्षं हाच समज होता.

कॉलेजात ते आले ते दारांवर आकडे टाकायला. तेव्हा पाट्या हाताने रंगवत. हल्ली यंत्रातून भाकरीएवढं अक्षर झटक्यात बाहेर पडतं आणि दोन उन्हाळ्यांत उडून जातं, पण तो विषय काकांपुढे काढू नये; चहा गार होतो. तर प्राणिशास्त्र विभागाच्या दारावर ते विभागाचं नाव लिहीत होते आणि विभागाचे सर मागे उभे राहून बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सर हलेनात. जोडाक्षराचा पाय ओढून झाला तेव्हा सरांनी विचारलं, "याहून बारीक ब्रश आहे तुमच्याकडे?"

"किती बारीक हवा?"

"माशीच्या पाठीवर चालेल इतका."

शिकलेल्या माणसांचं असंच असतं, असं मनात म्हणून काकांनी मान डोलावली. पण सर त्यांना हाताला धरून मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले. तिथे छताच्या तुळईला गांधीलमाश्यांचं पोळं लटकलं होतं, तळहाताएवढं, कागदी, राखाडी. त्यावर वीस-बावीस माश्या. सर त्या माश्या कशा वागतात ते बघत होते: कोण कोणाला भरवते, कोण कोणाला चावते, कोण नुसतीच बसून खाते. पण कोण ती कोण हे कळायचं तर प्रत्येकीला वेगळी खूण हवी, आणि विद्यार्थ्यांनी रंग दिला की निम्मा पंखाला लागायचा. मग ती माशी उडायची बंद, आणि विद्यार्थी सुजलेलं बोट घेऊन दवाखान्यात.

काकांनी आपला सगळ्यात बारीक ब्रश कात्रीने छाटून दोन केसांवर आणला. दुसऱ्या दिवशी उजाडताना, माश्या गारठ्याने जड असताना, शिडीवर चढून एकामागून एक सतरा ठिपके दिले. एकही माशी उठली नाही. सरांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा केला. फार वाईट झाला होता, पण काकांनी दोन कप घेतला. पुढच्या महिन्यात ते हजेरीपटावर शिपाई म्हणून लागले.

बायकोने कपाळावर हात मारला. "आमच्या घरी सांगितलं होतं, मुलगा पेंटर आहे. माश्या रंगवतो हे कोणी बोललं नव्हतं." शेजारी विचारायचे, काय चाललंय सध्या? काका म्हणायचे, "माश्या मारत नाही, एवढं खरं."

त्या व्हरांड्यातल्या सकाळी काकांना अजून आठवतात. सहा लोखंडी स्टुलं, त्यांतलं एक लंगडं. एक मोठा थर्मास. प्रत्येक मुलाच्या मांडीवर रेघा मारलेली वही आणि डोळे वर. पाच-पाच मिनिटांनी सर नुसतं बोट उचलायचे, की मुलं त्या क्षणी आपापली माशी काय करतेय ते लिहायची. बोलायचं नाही, हसायचं नाही, शिंक आली तर बाहेर जायचं. दर वर्षी नवी मुलं यायची. कोणी मार्कांसाठी आलेलं, कोणी शेजारच्या स्टुलावरच्या मुलीसाठी. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या माना दुखायच्या आणि कुरकुर चालायची. दुसऱ्या आठवड्यात तीच मुलं रविवारी फाटकावर चढून आत यायला बघायची. अशा एकवीस तुकड्या काकांच्या शिडीखालून गेल्या. शिपायाला वही नसायची. काका रंग देत, स्टुलं पुसत आणि शिडीच्या चौथ्या पायरीवर बसून फुकट बघत.

सरांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी काकांकडूनच भिंतीवर लिहून घेतला होता: दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. माशीला नाव द्यायलाही बंदी. पिवळी म्हणा, पांढरी म्हणा, निळी-लाल म्हणा, बस.

पण काकांचा संसार मोठ्या कुटुंबात झालेला. त्यांना त्या पोळ्यावर उघड उघड आपलं घर दिसायचं. मधोमध बसून अंडी घालणारी राणी म्हणजे, बायकोच्या शब्दांत, सासूबाई. येताजाता दुसरीच्या अंगावर धावणारी, तोंडचा घास काढून घेणारी पिवळी म्हणजे थोरली जाऊ. कधी येते नि कधी निघून जाते याचा पत्ता न लागणारी निळी म्हणजे आत्याबाई. आणि कडेला बसून पिलांची तोंडं पुसणारी, चावा घेतला तरी अंग चोरणारी पांढरी म्हणजे धाकटी. मुलांना हे ऐकून हसू आवरायचं नाही. सर मात्र एकदा शिडीखाली येऊन म्हणाले, "काका, नातं लावलं ना, की माणसाला पुढचं आपोआप दिसायला लागतं. मग समोरचं दिसत नाही." काकांनी मान डोलावली आणि सर वळल्यावर डोळा मारला.

मिनिट आली ती अकराव्या तुकडीत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. सर बोट उचलायच्या आधी हिची पेन्सिल टेकलेली असायची, म्हणून पोरांनी नाव ठेवलं मिनिट. सकाळी काका फाटकाची किल्ली काढत, तेव्हा ही बाहेर वही छातीशी धरून उभी. बोलणं जेमतेम. पण पोळ्याकडे बघताना चेहरा असा उजळायचा की काकांना वाटायचं, आपल्याला मुलगी असती तर ती अशी असावी.

तिने प्रश्न घेतला होता अवघड. राणी गेली की तिच्या जागी कोण बसतं? सगळ्यांना दटावणारी, की आणखी कोणी? आठ महिने तिने प्रत्येक माशीचा स्वभाव टिपला. घरून तिला मुदत तेवढीच होती. वडिलांनी सांगितलं होतं की वर्षअखेर काम पुरं झालं आणि पुढे संशोधनाची जागा मिळाली तर शीक, नाहीतर नोकरी बघ. मागे दोन भावंडं आहेत. वडील काही दुष्ट नव्हते. त्यांचेही डोळे भिंग लावून लावून गेले होते.

सातव्या महिन्यातली ती सकाळ. काका एकटेच शिडीवर होते. बघतात तर दोन माश्यांच्या पाठी कोऱ्या. नव्या डब्यातल्या रंगाचे पोपडे उडाले होते, पिवळीचेही आणि पांढरीचेही. दोघी सारख्याच आकाराच्या, सारख्याच रंगाच्या. आता कोणती कोण?

खरं म्हणजे खाली उतरून सरांची वाट बघायची. पण काकांना लाज वाटली. रंग आपला, पोपडे आपले. इतक्यात त्या दोघींतली एक तिसरीच्या अंगावर धावली आणि दुसरी कडेला सरकून बसली. काका मनात म्हणाले, थोरलीच ही, आणखी कोण असणार? धावून गेलेल्या माशीवर पिवळा ठिपका दिला, कडेला बसलेलीवर पांढरा. मिनिट आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. काका स्टुलं पुसत होते.

पुढे पंधरा दिवसांनी राणी नाहीशी झाली, आणि चौथ्या दिवशी तिच्या जागी बसली ती पांढरी! काकांची धाकटी. जन्मभर अंग चोरणारी. व्हरांड्यात पोरांनी तोंडावर हात दाबून नाच केला. मिनिटला रडू फुटलं. काकांनी त्या संध्याकाळी बायकोला सगळी हकीकत सांगितली तेव्हा तिलाही पांढरीचं कौतुक वाटलं. ती स्वतः घरातली धाकटी जाऊच होती.

आठवड्याने सरांच्या खोलीत मिनिट आपला निष्कर्ष वाचून दाखवत होती आणि काका चहा घेऊन गेले होते. सर म्हणाले, "म्हणजे आठ महिने जी गप्प होती तीच राणी झाली. फार मोठी गोष्ट आहे ही. खूण मधे एकदाही गेली नव्हती ना?"

"एकदाही नाही, सर," मिनिट म्हणाली.

काकांनी चहा टेबलावर ठेवला. ते बाहेर आले आणि शिडीवर जाऊन बसले. तिथे बसल्यावर त्यांना कळलं आपण काय करून ठेवलंय ते. पोरगी आठ महिने हेच तर विचारत होती, की माशीचा स्वभाव बदलतो का. आणि काकांनी स्वभाव बदलत नाही असं धरून रंग दिला होता. धावून जाणारी थोरलीच कशावरून? त्या सकाळी धाकटीलाच पहिल्यांदा राग आला असेल तर? मग सात महिन्यांची पांढरी वेगळी आणि राणी झालेली पांढरी वेगळी. कदाचित काही चुकलं नसेलही. पण ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

तीन दिवस काका ताटावरून अर्धवट उठत होते. गप्प राहिलं तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. बोललं तर पोरीचं शिक्षण संपलं. अर्ज द्यायला दहा दिवस उरले होते, नवं पोळं धरायला वर्ष लागलं असतं. तिसऱ्या दिवशी बायकोने ताट सरकवून विचारलं, "कोणाचं काय बिघडवून आलात?" काकांनी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगितलंत तर ती तुमचं तोंड बघणार नाही. नाही सांगितलंत तर तुम्हीच तिच्याकडे बघू शकणार नाही. आता काय ते तुम्ही ठरवा, आणि आधी जेवा."

दुसऱ्या दिवशी फाटकातच काकांनी मिनिटला सांगितलं. ती वही धरून ऐकत राहिली.

"नक्की बदलले का ठिपके?"

"नक्की नाही गं."

"नक्की नाही बदलले, असं तरी आहे का?"

"तेही नाही."

ती स्टुलावर जाऊन बसली. त्या लंगड्यावरच बसली, लक्ष नव्हतं तिचं. थोड्या वेळाने तिने वही उघडून त्या तारखेचं पान काढलं आणि पेन पुढे केलं. "तुम्ही पाहिलंत, तुम्हीच लिहा. पानात खाली जागा आहे."

काकांनी त्या वहीत आयुष्यातली एकमेव नोंद केली. पाटीवर लिहितात तशा अक्षरात, एकेक जोडाक्षर नीट ओढून: "आज सकाळी दोन माश्यांचे रंग पूर्ण गेलेले दिसले. कोण कोणती ते मी स्वभावावरून ठरवलं आणि रंग दिला. कोणाला सांगितलं नाही. चूक झाली असेल. खात्री नाही."

सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं केलंत, सांगितलंत." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मिनिटने निष्कर्ष मागे घेतला. महिन्याभरात ती विमा कार्यालयात कारकून म्हणून लागली. पुढे कॉलेजात दहा तुकड्या आल्या, पण काकांनी परत कोणत्याही माशीला नातं लावलं नाही. पिवळी म्हणाले, पांढरी म्हणाले. विम्याच्या कार्यालयावरून जायची वेळ आली की ते लांबच्या रस्त्याने जात. सर गेले. काका निवृत्त झाले. व्हरांड्याची डागडुजी झाली, तुळई काढली, तिथे आता काचेच्या खिडक्या आहेत म्हणे. काका बघायला गेले नाहीत.

आणि परवा, म्हणजे काकांना एकाहत्तरावं लागल्यावर, एक चष्मेवाली मुलगी दारात उभी. "ठिपकेवाले काका तुम्हीच ना? ताईंनी बोलावलंय. आमचे ठिपके मोठे पडतात."

"कोण ताई?"

"विमा कार्यालयातल्या. त्यांच्या बाल्कनीत आम्ही माश्या बघायला जातो, रविवारी. विभागातल्या आमच्या मॅडमनी पाठवलंय."

काका नाही म्हणणार होते. बायकोने मात्र आतून कपाटातली ब्रशाची पेटी आणून त्यांच्या हातात दिली. "जा की. सव्वीस वर्षं लांबच्या रस्त्याने चालताय, चपला झिजल्या."

तिसरा मजला. अरुंद बाल्कनी, वाळत घातलेले टॉवेल एका कडेला सरकवलेले, आणि वर कोपऱ्यात पोळं. खाली चार स्टुलं, चार मुलं, माना वर. मिनिटचे केस पांढरे झाले होते, पण वही तशीच छातीशी. आतल्या खोलीत एक भिंतभर वह्याच वह्या. नोकरीला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी या बाल्कनीत पहिलं पोळं झालं, तेव्हापासून ती कामावर जायच्या आधी दीड तास बघत आली होती. काही वर्षांपूर्वी विभागातल्या नव्या मॅडम तिच्या खिडकीशी विम्याचा फॉर्म घेऊन आल्या, बोलता बोलता गाडी माश्यांवर आली, आणि तेव्हापासून मुलं येऊ लागली.

"एकतीसदा राणी बदलली, काका," ती म्हणाली. "कोण होणार ते मी आधी लिहून ठेवते. किती वेळा बरोबर आलं असेल?"

"किती?"

"चारदा." आणि ती हसली. इतकी मोकळी हसली की एका मुलाने ओठांवर बोट ठेवलं.

काका आतल्या खोलीत गेले. ती मागून आली. त्यांना जे सव्वीस वर्षं बोलायचं होतं ते एकदम बाहेर पडलं. "माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं. शिक्षण गेलं."

"गेलं," मिनिट म्हणाली. "खोटं कशाला सांगू? दोन-तीन वर्षं तुमचं नाव काढलं तरी डोकं फिरायचं. कार्यालयाच्या खिडकीतून तुम्ही रस्ता बदलताना दिसायचात, तेव्हा बरं वाटायचं." तिने बाल्कनीकडे बोट केलं. "मग इथे पहिलं पोळं झालं. रंग द्यायला लागले आणि पहिल्याच महिन्यात मी तेच केलं, काका. खूण गेलेली, स्वभावावरून ओळखली, ठिपका दिला. एकटीच होते. कोणी बघत नव्हतं. तेव्हा कळलं, सांगायला काय लागतं ते."

तिने कपाटातून एक कोरी वही काढली. "ही तुमची. इथे बसायचं तर वही लागते. रंगाचं पोरांना शिकवा, पण बघायचं आणि लिहायचंही."

काका बाल्कनीत चष्मेवालीच्या शेजारी बसले. ब्रश धरून बघितला; हात थरथरत होता, ठिपका द्यायचे दिवस संपले होते. त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला, केस किती छाटायचे ते दाखवलं आणि वही उघडली.

"थांबा," ती कुजबुजली, "पहिल्या पानावर आधी ही नोंद उतरवून घ्यायची. सगळ्यांनाच लागते. नोंद कशी करायची ते यावरून शिका, असं ताई म्हणतात." तिने आपली वही पुढे सरकवली. तिच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: आज सकाळी दोन माश्यांचे रंग पूर्ण गेलेले दिसले.

काकांनी पलीकडच्या मुलाच्या मांडीवर बघितलं. त्याच्याही पहिल्या पानावर तेच, तिरक्या अक्षरात. त्याच्या पलीकडेही तेच. आत भिंतभर वह्या होत्या. काकांना वाटलं आपण आता रडणार, आणि ते रडलेही, आवाज न करता, इथे आवाज चालत नाही म्हणून.

मग त्यांनी पेन घेतलं. एकेक जोडाक्षर नीट ओढून लिहिलं. शेवटचं वाक्य लिहून होईपर्यंत पोळ्यावर दोन माश्या येऊन गेल्या.

चष्मेवाली वाकून बघत होती. "अय्या, काका, मूळ नोंदीचं अक्षर अगदी अस्संच आहे. ताईंच्या जुन्या वहीत. कोणाची आहे ते त्या सांगतच नाहीत. ज्याची आहे तो सांगेल म्हणतात."

दारात उभी असलेली मिनिट पोळ्याकडे बघत राहिली.

"माझी आहे," काका म्हणाले, आणि जरा मोठ्यानेच म्हणाले. चारही मुलांनी माना खाली करून त्यांच्याकडे बघितलं.